पाहुणीचे जाकीट

दि. ४ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, एका गंभीर अन्यायाकडे तुझे लक्ष वेधायचे आहे. खुराड्याचे दार तू तुझ्या उंचीला बेतून करून घेतलेस. मी तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, ही गोष्ट घरात लपवून ठेवलेली नव्हती. परिणामी रोज सकाळी दाण्याचे भांडे हातात धरून मला पाच कोंबड्यांपुढे कमरेत वाकून उभे राहावे लागते. दुकान काढल्यापासून एकाही गिऱ्हाइकापुढे मी इतका वाकलो नाही. आणि या बाया तो मान हक्काचा असल्यासारखा घेतात. हेडबाई तर मी सरळ होईपर्यंत दाण्याला चोचही लावत नाही.

बाकी सर्व ठीक. पुढे माझे शिंप्याचे दुकान, मागे तुझ्या दोन खोल्या आणि मध्ये अंगण, ही व्यवस्था जागच्या जागी आहे. तू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे गेल्यापासून मागच्या खिडकीतून माझ्या चुका कोणी काढत नाही. त्यामुळे कामाला वेग आला आहे, असे मी सर्वांना सांगतो.

चिंता एकच. पाहुणीची पिसे जाऊ लागली आहेत. पत्र तुला वाचून दाखवणाऱ्याच्या माहितीसाठी सांगतो: अक्काच्या कोंबड्यांत हेडबाई थोरली आणि करडी, तुरेवाली नावाप्रमाणे, जुळ्या दोघी सारख्या दिसतात आणि सारख्याच बिनडोक आहेत, आणि पाहुणी म्हणजे ती भुरी, जी सगळ्यांत शेवटी आली आणि अजून घरची झाली नाही. तिच्या खोक्यापाशी रोज सकाळी मूठभर पिसे पडलेली असतात. ती बिचारी कोपऱ्यात अंग फुगवून बसून असते, खायलासुद्धा नीट येत नाही. बाकीच्या चौघी तिची पिसे उपटतात हे उघड आहे. काय करू ते कळव.

ऑपरेशन कसे झाले? डॉक्टरांनी गप्प बसायला सांगितले असेल, तर त्यांनाही माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच; थोडा वाढवल्यास माझी हरकत नाही.

तुझा,
धाकटा

---

दि. ९ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

एका डोळ्याचं काम झालं. त्यावर पट्टी आहे, आणि दुसऱ्याने मला दिवस आहे की रात्र एवढंच कळतं. तेव्हा हे पत्र सूनबाई लिहिते आहे, मी फक्त बोलते आहे. तुझं पत्रही तिनेच वाचलं. खुराड्याच्या दाराचा भाग दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा तिला हसू आवरेना. माझं म्हणणं एवढंच, की वाकल्याने पाठ मोकळी होते.

आता नीट ऐक. तुझा भाचा म्हणतो, आई, आता कायमची इथेच राहा. मी म्हटलं, माझ्या कोंबड्या आहेत. तर म्हणाला, मामाला त्या सांभाळता आल्या तर तुझ्यावाचून तिथे काही अडत नाही, आणि सांभाळता आल्या नाहीत तर विकून टाकू, मग तुझं तिथे काही उरत नाही. विमा कंपनीत जन्म गेलेला माणूस. कुठूनही गेलं तरी आपण अपात्र. (हे लिहू का, असं मी विचारलं. लिही म्हणाल्या. – सूनबाई)

मला माझ्या घरी यायचं आहे. इथे सगळे फार चांगले वागतात, तीच अडचण आहे. पाण्याचा पेला उचलायला गेले तर तिघं धावतात. तेव्हा कोंबड्यांचं असं ठेव, की माझ्यावाचून अडलंय हे दिसलं पाहिजे, पण विकायची पाळी येता कामा नये. मधली अवस्था. जमेल ना?

पिसांचं सांगते. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात ती जागा अपुरी असली, खाण्यात कस नसला, नाहीतर करायला काही नसलं म्हणून. दाणे भांड्यात देऊ नकोस, अंगणभर विखरून टाक. शोधत बसतील. कोबीचा गड्डा दोरीने टांग, त्यावर राग काढतील. आणि जिला टोचतात तिला बाजूला काढू नकोस, सगळे हीच चूक करतात. टोचणारी कोण ते बघ आणि तिला चार दिवस वेगळी ठेव. परत येते तेव्हा तिचा तोरा उतरलेला असतो.

जेवत जा. उभ्याने जेवू नकोस. (हे वाक्य आईंनी तीनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलं आहे.)

तुझी,
अक्का

ता. क. – ती. मामांस सा. न. मला या वादात पडायचं नाही. पण आई आणि मी सध्या एका स्वयंपाकघरात आहोत आणि अजून गोडीत आहोत. हे असंच राहावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते किती दिवस राहील हे मात्र माझ्या इच्छेवर नाही. – सूनबाई

---

दि. १५ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सूचनांप्रमाणे कोबी टांगला. जुळ्यांनी पहिला दिवस त्याला घाबरून घालवला आणि दुसऱ्या दिवशी तो खाऊन संपवला.

पाहुणीला मात्र तसेच उघडे ठेवणे मला बघवेना. मी काही डॉक्टर नाही. मला येते ते मी केले. एका जुन्या कोटाच्या अस्तरातून तिला जाकीट शिवले. छाती आणि घेर नीट घेतला. पंखांसाठी मुंढे मोकळे सोडले आणि पाठ बंद होईल अशी पट्टी दिली. दोनदा ट्रायल झाली. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण या गल्लीत इतके अंगासरसे बसलेले कपडे सध्या दुसऱ्या कोणाच्या अंगावर नाहीत.

त्या जाकिटाचा एक फायदा असा झाला, की गुन्हेगार सापडला. पाहुणीला अंगणात सोडले आणि मी दाराआड उभा राहिलो. पाच मिनिटांत हेडबाई आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर सरळ चोची मारायला सुरुवात केली. एकदा नव्हे, सात-आठदा, अगदी नेम धरून. मी त्यांना तिथेच उचलले आणि दुकानातल्या ट्रायल रूममध्ये ठेवले. तिथे आरसा आहे. त्यात त्यांना आपल्या तोलामोलाचे कोणीतरी भेटल्यापासून त्या गप्प आहेत.

काल वकील कोटाच्या ट्रायलसाठी आले. पडदा सारला, हेडबाईंकडे पाहिले, क्षमा असावी म्हणाले आणि पडदा पुन्हा लावून बाहेर थांबून राहिले.

पण पिसे पडायची थांबली नाहीत. आज पुन्हा दाराआड उभा राहिलो, तर तुरेवाली. तोच प्रकार, तीच जागा. तिलाही आत आणली आहे. ती शिलाई मशीनच्या झाकणावर असते.

मधली अवस्था मी प्रयत्नपूर्वक राखतो आहे, पण ती कशी मोजतात हे कळवलेस तर बरे होईल.

लोभ ठेवावा, आणि उत्तर लवकर द्यावे.

तुझा,
धाकटा

---

दि. २० सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र घात करून गेलं. सूनबाई बाहेर गेली होती म्हणून ते तुझ्या भाच्याने वाचून दाखवलं. वकिलांच्या ठिकाणी तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाला, मामाचं तर छान चाललंय, कोंबड्या दुकानात रमल्या, मामाला सोबत झाली, अंगणही मोकळं झालं. मला मधली अवस्था हवी होती. तू करमणूक पाठवलीस.

आणि आता त्याने पुढचं काढलं आहे. त्याच्या ओळखीचा एक दातांचा डॉक्टर जागा शोधतो आहे. माझ्या दोन खोल्यांत दवाखाना आणि अंगणात गाड्या. ऑक्टोबरअखेर तो बघायला येणार. मी नाही म्हटलं. ते ‘नाही’ त्याने ऑपरेशननंतरच्या अशक्तपणात जमा केलं. मुलगा वाईट नाही रे. रात्री उठून माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करतो. अशा माणसाशी भांडणार कुठून?

हेडबाईचं मला पटत नाही. ती रागावेल, अंगावर धावेल, पण पिसाला चोच लावायची नाही. इतकी वर्षं बघते आहे. पण तू डोळ्यांनी पाहिलं म्हणतोस, आणि डोळ्यांच्या बाबतीत सध्या मी कोणाला काही सांगण्याच्या स्थितीत नाही. जी टोचेल तिला काढत राहा.

पाहुणीला जप. ती हातची गेली तर तुझा भाचा उरलेल्यांना गिऱ्हाईक बघेल.

तुझी,
अक्का

ता. क. – मामा, आज आईंनी माझी भांडी लावायची पद्धत बदलली. मी काही बोलले नाही. हे मी कोणालातरी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगितलं. – सूनबाई

---

दि. २७ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

प्रकरण हाताबाहेर गेले आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही विचित्र झाले आहे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे टोचणाऱ्यांना काढत गेलो. तुरेवालीनंतर जुळ्यांपैकी एक सापडली. कोणती ते माहीत नसल्यामुळे दोघींना आणले. आता चौघी दुकानात आहेत. एक जण कापड बेतायच्या टेबलावर असते आणि मी खडूने रेघ मारली की ती पुसते. वकिलांच्या कोटाच्या बाहीत अंडे निघाले. ते त्यांना दिले. त्यांनी शिलाईत धरायचे का, असे विचारले.

अंगणात पाहुणी एकटी आहे. टोचायला कोणी नाही. आणि तरीही रोज सकाळी पिसे पडलेली असतात, पूर्वीपेक्षा जास्तच. चारही आरोपी कोठडीत असताना गुन्हा चालूच आहे, अक्का. मी तिच्या खोक्यापाशी स्टूल टाकून बसून पाहिले. ती बाहेर येत नाही. दाणे समोर टाकले तरी उठत नाही. पंख फुगवून खोक्यात बसून राहते आणि खाली हात घातला तर घशातून गुरगुरते. भीतीने तिचे डोके फिरले असावे. काल उचलली तर हाताला नुसती हाडे लागली. अशाने ती पंधरा दिवस काढील असे मला वाटत नाही.

ती गेली तर तुझे परत येणेही गेले, हे मला कळते. जाकीट अजून तिच्या अंगावर आहे. दुसरे काय करावे ते मला सुचत नाही.

लोभाचे नंतर पाहू. आधी उपाय कळव.

तुझा,
धाकटा

---

दि. २ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हाताने लिहिते आहे. पट्टी निघाली. अक्षर मोठं आहे कारण ते मला दिसलं पाहिजे, तुझ्यासाठी नाही. तुझी सगळी पत्रं काल पुन्हा स्वतः वाचली. दुसऱ्याने वाचलेलं ऐकताना हसण्यात निम्मं निसटतं.

अरे, अंग फुगवून खोक्यात बसते, दाण्याला उठत नाही, हात घातला की गुरगुरते, याला तू पहिल्या पत्रापासून भीती म्हणतो आहेस. ती खुडूक बसली आहे. तिला अंडी उबवायची आहेत. अंडी तू रोज उचलून नेतोस, आणि ती नुसत्या गवतावर बसून आहे. अशी कोंबडी पोटाची पिसं आपणच उपटते, अंड्यांना अंगाची ऊब लागावी म्हणून. त्यात ती मातीत लोळायला बाहेर येत नाही, म्हणजे अंगात उवा झाल्या असणार. खाज सुटते, मग आणखी उपटते.

मला सांग, पिसं पाठीची गेली की पोटाची? तीन पत्रांत तू जाकिटाचा घेर लिहिलास, मुंढे लिहिलेस, हे लिहिलं नाहीस. पोटाची असतील तर तिथे दुसरीची चोच पोचायला पाहुणीला उताणं झोपावं लागेल. मग चौघी जणी पाठीवर नेम धरून काय टोचत होत्या? जाकिटाला पाठीवर बटणं लावली आहेस का? चकाकणारी? उत्तर लिहू नकोस, मला माहीत आहे. तू उशीच्या अभ्र्यालाही काज करणारा माणूस आहेस. चमकतं दिसलं की कोंबडी चोच मारणारच. तू त्यांना आमिष दाखवलंस आणि मग आत टाकलंस.

आता हे कर. जाकीट काढ. खोकं उचलून उन्हात टाक, आतलं गवत जाळ. पाहुणीला जाळीच्या पिंजऱ्यात दोन विटांवर ठेव, खालून वारा लागला पाहिजे, म्हणजे बसायचं वेड उतरतं. भरपूर राख आण, कोरड्या मातीत मिसळ, तिच्या पिसांच्या मुळाशी चोळ आणि नंतर तिला त्यात लोळू दे. बाकीच्यांना अंगणात सोड.

ती बरी होऊ लागली तर इकडे लिहू नकोस. दातांचा डॉक्टर येऊन जाऊ दे. तोवर वाईट आहे असंच राहू दे.

तुझी,
अक्का

---

दि. २० ऑक्टोबर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला स्वतंत्र लिहितो आहे. आईला वाचून दाखवायला हरकत नाही. तिला आता स्वतः वाचता येते, तेव्हा हरकत घेऊन उपयोगही नाही.

कोंबड्यांबद्दलचे खरे असे: पितळी बटणे होती. चार. पोट तपासले तेव्हा पिसे तिथलीच गेलेली होती आणि कातडीवर मिऱ्याची पूड सांडावी तशा उवा चालत होत्या. मी महिनाभर तिला वर जाकीट घालून आत हे सर्व जपले. गल्लीच्या टोकाच्या बेकरीवाल्याने भट्टीतली राख दिली, दोन पोती. ती चोळली. चौघींना सोडून दिले. पाहुणी आता अंगणात फिरते, खाते, आणि तिच्या पोटावर नव्या पिसांचे खुंट आले आहेत.

तुझ्या आईने मला हे लपवायला सांगितले होते. कोंबड्या ना बऱ्या ना वाईट अशा ठेवाव्यात, अशी तिची मागणी होती. मी प्रयत्न केला. पण मधली अवस्था मला शिवता येत नाही. आणि त्यापायी एक जनावर मरू घातले होते. तेव्हा लिहून देतो: कोंबड्या उत्तम आहेत, त्यांना तुझ्या आईची गरज नाही. तुझ्या अटीप्रमाणे तू जिंकलास. दातांचे डॉक्टर येऊन खोल्यांची मापे घेऊ शकतात. टेप माझ्याकडे आहे.

तू कोंबड्यांचेच विचारलेस म्हणून मी कोंबड्यांचेच सांगत आलो. बाकी कोणाचे विचारले नाहीस, आणि मी सांगायचे टाळले.

मी दुकान संध्याकाळी कधी बंद करतो, तर मागे खुराड्याची कडी लागल्याचा आवाज आला की. आता कडी मीच लावतो, त्यामुळे दुकान किती वाजता बंद करायचे ते मला समजत नाही. ताट वाढून घेतो आणि मग आठवते की बसायचे राहिले. वकिलांच्या कोटाचा डावा खांदा खाली गेला आहे. पूर्वी तो टेबलावर असतानाच मागच्या खिडकीतून मला सांगितले गेले असते. या वेळी वकील तो घालून कोर्टात जाऊन आले. दोन महिन्यांत माझ्याशी जे कोणी बोलले ते कपड्यांबद्दलच बोलले.

याला विम्यात काय म्हणतात ते मला माहीत नाही. तुझी आई तुझ्याकडे सुखात असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त हिशेबात ही बाब धरलेली नव्हती, ती कळवली.

सूनबाईंस आशीर्वाद. लोभ कमी झाल्यास तसे स्पष्ट लिहावे.

तुझा,
मामा

---

दि. २४ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र पोचले. मी ते ऑफिसात वाचले, ते घरी वाचायला हवे होते.

आईने इथे राहावे याची माझ्याकडे बरीच कारणे होती. तिने तिथे जावे याचे तुम्ही दोघांनी मिळून एकच कारण दोन महिने पुढे केलेत, आणि ते कोंबड्यांचे. कोंबड्या सांभाळायला आईला पाठवून देणारा मुलगा होणे मला जमत नव्हते. लोकांना काय सांगणार? आणि स्वतःला काय? मामाकडे पाठवली, हे दोन्हीकडे सांगता येते. तुम्ही हे पहिल्याच पत्रात लिहिले असतेत, तर वकिलांचा कोट वाचला असता.

दातांच्या डॉक्टरांना नकार कळवला आहे. ते समजुतीने घेतो म्हणाले. माझी दाढ त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे किती समजुतीने घेतले ते पुढच्या आठवड्यात कळेल.

रविवारी दुपारी आईला घेऊन येतो. दुसऱ्या डोळ्यासाठी जानेवारीत तिला इथे यावे लागेल, आणि त्या वेळी तुम्हीही यायचे आहे. ही अट आहे. यात पळवाट ठेवलेली नाही.

आपला,
भाचा

ता. क. – मामा, आई पिशवी भरत आहेत. भांडी मी अजून पूर्वीसारखी लावलेली नाहीत. त्यांची पद्धत खरं म्हणजे बरी आहे, पण हे त्या गाडीत बसल्यावर सांगेन. – सूनबाई

---

दि. २७ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी येतेस असे समजले. भाच्याला मी जे लिहिले ते तू वाचले असशीलच. त्यातले कोटाच्या खांद्याचे तेवढे खरे मान, बाकीचे आल्यावर बोलण्याचे कारण नाही.

तुझ्या खोल्या झाडून घेतल्या. उशी उन्हात टाकली. खुर्ची खिडकीपाशी होती तिथेच ठेवली आहे. काचा पुसल्या, म्हणजे तुला दोष काढायला अडचण पडणार नाही. एक सूचना आधीच देऊन ठेवतो. तुला आता स्पष्ट दिसते. गेली चार-पाच वर्षे तू मला धुक्यातून पाहत होतीस, त्यामुळे मी एकदम म्हातारा झालेला दिसेन. तसा मी हळूहळूच झालो आहे. दारात दचकू नकोस, भाच्याला वाटेल डोळा बिघडला.

वकिलांचा कोट परत मागवून घेतला आहे. टेबलावर आहे. तू येईपर्यंत उसवत नाही.

लोभ सोबत घेऊन ये; इथला तू जाताना नेलास.

तुझा,
धाकटा

ता. क. – बेकरीवाल्याने राखेचे काही घेतले नव्हते. एरवी फेकतोच, म्हणाला. त्याच्या ॲप्रनचा खिसा एका बाजूने लोंबत असतो आणि तो त्यात सुटे पैसे टाकून जमिनीवरून गोळा करत असतो. आज सकाळी तो भट्टीशी असताना खुंटीवरचा ॲप्रन काढून आणला, खिशाला दुहेरी शिवण घातली, पीठ झटकले आणि तो बाहेर यायच्या आत परत टांगून आलो.